तासगावहून देवरुखला: पिकअपमधून छोटा ट्रॅक्टर आणताना

आमची काजूची कलमं आता बारा-तेरा वर्षांची झाली आहेत. दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर जात नाही, गेलाच तर फांद्या मोडतो, आणि मजूर लावून गवत बेणायचं म्हटलं तर माणूस मिळत नाही. म्हणून गेल्या वर्षी घरात छोट्या ट्रॅक्टरचा विषय निघाला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. जुना बघायचा तर कोकणात फारसे मिळत नाहीत. असे अरुंद ट्रॅक्टर मुख्यतः द्राक्षपट्ट्यात खपतात, तिकडे निफाड-दिंडोरीला नाहीतर इकडे तासगाव-पलूस-कवठेमहांकाळला. आम्हाला तासगाव जवळचं.

ट्रॅक्टर कसा निवडावा यावर बऱ्याच जणांनी लिहिलेलं सापडलं. तो पावणेदोनशे किलोमीटरवरून, घाट उतरून, घरी कसा आणावा यावर मात्र काही मिळेना. जे विचारलं त्याला एकच उत्तर, "पिकअपमध्ये टाकायचा आणि आणायचा." टाकायचा म्हणजे कसा, हे सांगणारं कोणी नव्हतं. आमचं काम निर्विघ्न झालं, म्हणून क्रमाने लिहून ठेवते आहे.

गुढीपाडवा झाल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे धाकटे दीर तासगावजवळच्या एका गावात ट्रॅक्टर बघायला गेलो. विकणारे सत्तरीचे द्राक्षबागायतदार, सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, आम्हीही तेच म्हणू लागलो. ट्रॅक्टर कुबोटाचा निओस्टार बी२४४१, २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ताकद असलेला, २०१७ चा. बागेत औषध मारण्यापलीकडे फार राबलेला नव्हता. भाव दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर ठरला. तेवढ्यात दिरांनी मोबाईलवर ट्रॅक्टरचा नंबर टाकून माहिती काढली तर आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, अजून बँकेचा बोजा. तात्यांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बोजा उतरवायचा राहून गेला होता.

जुना ट्रॅक्टर घेताना हे आधी बघा. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, तो आरटीओत द्यावा लागतो, मग नोंद निघते. आमच्या बाबतीत बँकेच्या शाखेतून कागद यायलाच वेळ गेला. साहेब रजेवर, मग शिक्का दुसऱ्या शाखेत, मग जुनं खातं सापडत नाही. तात्या रोज फोनवर सांगायचे, "ताई, काळजी नगं, येतंय कागद." अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, आम्ही विसार म्हणून पंचवीस हजार दिले ते याच बोलीवर की बोजा उतरल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत. नोंद निघाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. थांबलो ते बरं झालं असं आता वाटतं, तेव्हा मात्र रोज आकाशाकडे बघत होते. २०२५ चा मे आठवत असेल. वळीव कसला, पावसाळाच लवकर आल्यासारखा पाऊस होता, आणि २५ मेला तर मोसमी पाऊस राज्यात दाखलही झाला.

कागदांची वाट बघण्याचे दिवस वाया गेले नाहीत. त्या दिवसांत गाडीची तयारी झाली.

आधी वजनाचा हिशोब. कंपनीच्या माहितीपत्रकात या ट्रॅक्टरचं वजन ६३० किलो आणि लांबी २,४१० मिलिमीटर, म्हणजे आठ फुटांच्या किंचित आत. रुंदी सव्वातीन-साडेतीन फूट. छोटा हत्ती (टाटा एस) स्वस्तात मिळत होता, पण त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास आणि वजन पेलण्याची मर्यादा पाऊण टन. वजन कागदावर बसतं म्हणून घ्यावा तर हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवावा लागणार. फाळका उघडा टाकून माल बाहेर काढून नेणं सर्रास दिसतं, पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल आला तर वीस हजार रुपये दंड आहे. जादा वजनालाही वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. म्हणून नऊ फुटी हौद्याची पिकअपच बघायची ठरली. गाडी किती वजन पेलते हे चालकाच्या तोंडून ऐकू नका. त्याच्या आरसीवर भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं अशी दोन्ही वजनं असतात, वजाबाकी करा. आमच्या गाडीची बाकी सव्वा टनाच्या वर निघाली.

भाड्याचं म्हणाल तर तासगावहून गाडी केली तर ती परत रिकामी जाणार, देवरुखहून नेली तर जाताना रिकामी. दोन्हीकडून आठ ते नऊ हजार सांगत होते. दिरांनी मग आमच्याच पंचक्रोशीतल्या एका आंबेवाल्या गाडीशी बोलणं केलं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडून सांगली-कोल्हापूरला आंब्याच्या गाड्या जातात आणि येताना बहुतेक रिकाम्या येतात. परतीचं भाडं पाच हजार ठरलं, आणि थांबावं लागलं तर पाचशे वर. हंगामात कोकणात काही आणायचं असेल तर आधी परतीची गाडी शोधा, बरंच भाडं वाचतं.

चढवायच्या फळ्यांवरून मात्र घरात वाद झाला. चालकाचं म्हणणं, गावात कुठेही दोन जाड फळ्या मिळतात, त्यावरून सरळ चढवायचा. साडेसहाशे किलोचं यंत्र लाकडी फळीवर घ्यायला माझी तयारी नव्हती. ओली फळी निसरते, वाळकी फळी कधी मोडेल सांगता येत नाही, आणि फळी नुसती टेकवलेली असली तर चाकाच्या रेट्याने मागे सरकते. देवरुखच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी रॅम्पची जोडी करून घेतली. दोन बाजूंना सी चॅनेल, मध्ये वीत-वीत अंतरावर आडव्या सळ्या वेल्ड केलेल्या, म्हणजे टायरची नक्षी त्यात पकड घेते. वरच्या टोकाला हौद्याच्या कडेवर बसणारी वाकवलेली पट्टी आणि साखळी अडकवायला कडी. लांबी साडेआठ फूट ठेवली, कारण परत येताना तेच रॅम्प नऊ फुटी हौद्यात ट्रॅक्टरच्या बाजूला फाळका लावून मावायला हवेत. जोडीचे सात हजार दोनशे पडले. महाग वाटले होते. जाताना ते हौद्यात खाली आडवे टाकून वर आंब्याचे क्रेट रचले.

बांधायला नाडा पुरतो असं सगळ्यांनी सांगितलं. नाडा ताणतो, आणि गाठ कितीही चांगली असली तरी वाटेत ढिली होते. आम्ही दोन इंची रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायचे, चार पट्टे घेतले, तीन हजार चारशेला. घेताना पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा. दुकानदार मोठ्याने सांगतो तो आकडा पट्टा तुटण्याचा असतो. धरायचा तो कामाचा भार, तो साधारण त्याच्या एक तृतीयांश असतो. आमचे पट्टे पाच टनांचे म्हणून विकलेले, कामाला सोळाशे किलोच्या आसपास. एवढे कशाला, असं दीर म्हणाले. युरोपात माल बांधण्याचं एक मानक आहे, त्यात जोराच्या ब्रेकला माल वजनाच्या ऐंशी टक्के जोराने पुढे रेटतो आणि वळणावर पन्नास टक्के जोराने बाजूला, असं धरून हिशोब करतात. म्हणजे आमचा ट्रॅक्टर ब्रेक लागताच पाचशे किलोंनी केबिनकडे ढकलला जाणार. आणि पुढे कोकणात उतरणारा आंबा घाट. दीर मग काही बोलले नाहीत.

१७ मे, शनिवार. आंबे उतरवून गाडी सांगलीहून तात्यांच्या वस्तीवर सकाळी नऊला आली. आम्ही आदल्या रात्रीच पोचलो होतो, कारण उरलेले पैसे आणि सह्या उजेडात आणि निवांत व्हायला हव्या होत्या. विक्रीचा करारनामा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आधारच्या प्रती, विम्याचा कागद, बोजा निघालेली आरसी. आणि सगळ्यांत उपयोगी पडलं ते एक छोटं काम. चासी नंबरचा पेन्सिलीचा छाप ट्रॅक्टर जमिनीवर असतानाच घेतला. नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे ट्रॅक्टर हौद्यात गेल्यावर हात पोचत नाही, आणि आरटीओत फॉर्मवर छाप मागतातच. पांढरा कागद नंबरवर घट्ट धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची. दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात.

लगेच चढवायला घ्यायचा तर नऊ वाजताच वळीव आला. अर्धा तास धो-धो. रॅम्प ओले, रान चिखल, ट्रॅक्टरच्या टायरच्या नक्षीत काळी माती गच्च. चालकाला घाई होती, त्याला संध्याकाळी पुन्हा आंबे भरायचे होते. तात्यांनी त्याला चहा पाजून बसवून ठेवलं. "मातीचं टायर लोखंडावर घालू नगा," एवढंच म्हणाले. आम्ही खुरप्याने नक्षीतली माती काढली, टायर गोणपाटाने पुसले, रॅम्पवरचं पाणी पुसलं. यात तास गेला. ट्रॅक्टर पडण्याच्या ज्या गोष्टी तात्यांनी नंतर सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या ओल्या फळीच्याच होत्या.

तुम्ही असा ट्रॅक्टर आणणार असाल तर गाडी ठरवण्याआधी चढवायची आणि उतरवायची जागा ठरवा. पिकअपच्या हौद्याची जमिनीपासून उंची पावणेतीन फूट भरली. साडेआठ फुटी रॅम्प सपाट जमिनीवर टेकवला तर चढ १९ अंशांचा होतो. बघायला फार वाटत नाही, वर बसलेल्याला विचारा. तात्यांच्या विहिरीच्या कडेला जुन्या गाळाचा बांध होता, दीड फूट उंच, वरून कडक झालेला, पावसातही तो निसरडा झाला नव्हता. पिकअप बांधाच्या खालच्या अंगाला मागे घेतली आणि रॅम्पची खालची टोकं बांधावर टेकवली. चढ आठ-नऊ अंशांवर आला. पाच मिनिटांच्या या कामाने अर्धा धोका गेला. असा बांध नसेल तर पिकअपची मागची चाकं एखाद्या खोलगट जागेत उभी करा, किंवा बाजार समितीत नाहीतर गोदामात माल चढवायचा धक्का असतो तो बघा. धक्का बहुधा ट्रकच्या उंचीचा असतो, तेव्हा आधी टेपने मोजून घ्या.

मग गाडी जखडणं. पिकअप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हौद्याच्या मागच्या टोकाखाली, चासीला टेकतील असे, लाकडी ओंडके रचले. ट्रॅक्टरचं वजन पहिल्यांदा हौद्याच्या अगदी मागच्या कडेवर येतं तेव्हा पिकअपचं नाक उचलतं आणि मागचे पाटे (स्प्रिंगा) एकदम दबतात. नेमका त्याच क्षणी रॅम्प निसटतो. ओंडके असले की हौदा खाली जात नाही. रॅम्पच्या कड्यांतून साखळी घालून ती पिकअपच्या चासीला बांधली. फाळका काढूनच ठेवला, त्याच्यावर वजन टाकायचं नसतं.

आता मुख्य प्रश्न, ट्रॅक्टर तोंडाने चढवायचा की मागून. आमच्या चालकाला तोंडानेच चढवायचा होता, सगळे तसंच करतात म्हणे. तात्या खाटेवरून उठले ते याच वेळी. "मागनं घाला. तोंडानं चढवला तर नाक वर करतंय ते." कारण साधं आहे. ट्रॅक्टरचं बरंच वजन आणि मुख्य ताकद मागच्या आसात असते. चढावर तोंडाने जाताना मागची चाकं अडली आणि इंजिन रेटत राहिलं, तर चाकं फिरण्याऐवजी अख्खा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती उलटा फिरायला बघतो, चालकासकट. मागून, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवला की जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला राहते आणि उलटायचं कारण उरत नाही. शिवाय हौद्यात गेल्यावर जड बाजू केबिनकडे येते, ती तिथेच हवी. जड बाजू मागे राहिली तर पिकअपची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. आमच्या ट्रॅक्टरच्या चारही चाकांना ताकद असल्याने तो तोंडानेही चढला असता कदाचित. मला कदाचितवर जायचं नव्हतं.

तात्यांनी स्वतः चढवला. त्याआधी त्यांनी काय काय केलं ते मी बघून ठेवलं. वरचं कापडी छत काढून ठेवलं, वाऱ्याला धरतं म्हणून. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, त्या दोन पेडलांना जोडणारी पट्टी लावली. ती लावली नाही आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर रॅम्पवरच वळतो. चारही चाकांना ताकद देणारा दांडा टाकला. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि रिव्हर्समध्ये चढताना वजन खालच्या, म्हणजे पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक असून उपयोग नसतो, चाक थांबतं आणि टायर घसरतो. दांडा टाकला की पुढची चाकंही इंजिनाला आणि ब्रेकला बांधली जातात. लो गिअर, रिव्हर्स, हाताचा थ्रॉटल किंचित वर, पाय क्लचपासून लांब. रॅम्पवर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, स्टिअरिंग हलवायचं नाही. चाकं रॅम्पच्या ओळीत आहेत की नाही हे बांधावरच सरळ करून घ्यायचं, नाहीतर खाली येऊन पुन्हा सुरुवात.

बघायला वाडीतली बारा-पंधरा माणसं जमली होती आणि प्रत्येकाला हात लावायचा होता. दिरांनी सगळ्यांना बाजूला काढलं. रॅम्पच्या मागे आणि दोन्ही अंगांना कोणी उभं राहायचं नाही. खुणा करायला एकच माणूस, तोही तात्यांना दिसेल असा केबिनच्या बाजूला. एक पोरगा मागून दगड घेऊन तयार होता, घसरला तर चाकाला लावायला. त्याला तर आधी हाकललं. "वहिनी, तुम्हीही इकडे या," असं मलाही ऐकावं लागलं, मी व्हिडिओ काढायला पुढे गेले होते. चढायला मिनिटभरही लागलं नाही. रॅम्प किंचित वाकले, ओंडके कुरकुरले, आणि ट्रॅक्टर हौद्यात होता.

बांधायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला, आणि लागावाच. हौद्याच्या पुढच्या पत्र्याला ट्रॅक्टरची चाकं थेट लागू नयेत म्हणून मध्ये जुने टायर ठेवले. अवजार जोडायच्या मागच्या लिंका वर घेऊन दोरीने बांधल्या, म्हणजे त्या हेलकावत नाहीत. इंजिन बंद, लो गिअरमध्ये, चार चाकांचा दांडा तसाच, पार्किंग ब्रेक ओढलेला, डिझेलचा कॉक बंद. चारी चाकांना पुढून-मागून पाचरी ठोकल्या. मग पट्टे. दोन पट्टे मागच्या आसाच्या कवचाला अडकवून हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांकडे, दोन पुढच्या आसाला अडकवून मागच्या कोपऱ्यांकडे, म्हणजे चारही एकमेकांविरुद्ध ओढतात. स्टिअरिंगचा रॉड, हायड्रॉलिकची नळी, बंपर, पायरी यांना पट्टा लावायचा नाही. पिकअपच्या कडेला बाहेरून जे बारीक हूक असतात ते ताडपत्रीच्या दोरीचे, ट्रॅक्टरचे नव्हेत. आम्ही पट्ट्यांचे आकडे हौद्याच्या पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी बारमध्ये घातले. जिथे पट्टा लोखंडाच्या धारेवरून जात होता तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. रॅम्प एका अंगाला उभे करून वेगळ्या दोरीने बांधले. फाळका लावला, तो लागला.

तात्यांकडचा, माती फोडायचा तीन फुटी रोटावेटरही घेतला होता. तो कोपऱ्यात घुसवायचा चालकाने प्रयत्न केला, पण ट्रॅक्टर एका बाजूला सरकवल्याशिवाय तो बसेना. राहू दे म्हटलं. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आंबेवाल्या गाडीतून आठशे रुपयांत आला.

निघताना तो दगडवाला पोरगा पुन्हा पुढे आला, ट्रॅक्टरवर ब्रेक दाबून बसतो म्हणाला. लोक खरंच असं बसवतात. चालत्या गाडीत ट्रॅक्टरवर किंवा हौद्यात माणूस बसवायचा नाही, कायद्यानेही नाही आणि तसंही नाही. केबिनमध्ये चालक आणि आम्ही दोघं, एवढेच.

सव्वाबाराला निघालो. वाटेत वजनकाट्यावर घेतलं. रिकाम्या गाडीची पावती चालकाकडे सकाळचीच होती. ट्रॅक्टर, रॅम्प, टायर, ओंडके मिळून ७८० किलो भरलं. पावती ऐंशी रुपयांची, जपून ठेवली. सांगलीत शिरण्याआधी थांबून पट्टे तपासले तर चारही एक-दोन दाते ढिले. बांधण्यात चूक नव्हती. गाडी हलली की टायर दबतात, पट्टे आकड्यांत बसतात आणि ताण उतरतो. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबणं म्हणूनच टाळू नये. पुढे अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर ओलांडलं. बांबवड्याला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा तपासलं, एकच पट्टा अर्धा दाता ढिला. वेग पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याच्या चौपदरीकरणामुळे जागोजागी कच्ची वळणं होती, तिथे गाडी चालत्या माणसाच्या वेगाने. चालकाला आधी हे सगळं बायकी वाटत होतं. एका खड्ड्यात हौदा दणकला आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तेव्हा म्हणाला, "पट्टे कुठून घेतले?"

मलकापूरला घाटाआधीचा शेवटचा थांबा घेतला. पट्टे, पिकअपची हवा, ब्रेक. आंबा गावात पोचलो तर धुकं खाली उतरलेलं आणि रस्ता ओला. मला या घाटाची सवय आहे, माहेर कोल्हापूरचं, पण तेव्हा एसटीत खिडकीला डोकं टेकवून झोपलेली असायचे. पाठीशी पाऊण टन घेऊन तो वेगळाच दिसतो. चालकाने इथे मात्र कसब दाखवलं. घाट सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकला आणि साखरप्याच्या अंगाला उतरेपर्यंत बदलला नाही. उतारावर न्यूट्रल नाही, क्लच दाबून ठेवणं नाही, ब्रेक सतत धरून ठेवणं नाही, मध्येच दाबून सोडून द्यायचा. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. जागा मिळाली की तो डावीकडे घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचा. मी आरशातून ट्रॅक्टरचं नाक बघत होते, दीर मोबाईल बघत असल्यासारखे बसले होते आणि त्यांच्या मोबाईलला रेंज नव्हती.

साखरप्याच्या अलीकडे एकदा पोलिसांनी थांबवलं. आरसी, विमा, करारनामा, फॉर्मच्या प्रती आणि काट्याची पावती एका प्लास्टिकच्या पाकिटात हाताशी होती. त्यांनी पावती बघितली, फाळका बघितला, आणि काजूला कसा चालतो हो हा, असं विचारून सोडलं.

उतरवायची जागा दिरांनी आधीच पाहून ठेवली होती. आमच्याकडे धक्के नाहीत, पण कातळाला कमी नाही. घराकडे येणाऱ्या वाटेवर चिरा काढलेली जुनी जागा आहे, तिची कड जांभ्याची आणि सव्वादोन फूट उंच. मातीची मेर असती तर उतरवला नसता, चाकाच्या वजनाने कड ढासळते. पिकअप कडेला मागे लावली, ओंडके, ठोकळे, साखळ्या सगळं पुन्हा तसंच. पट्टे सोडण्याआधी ट्रॅक्टर चालू करून घेतला आणि ब्रेक धरतो आहे याची खात्री केली. या वेळी दीर बसले. ट्रॅक्टर मागून चढवलेला असल्यामुळे उतरताना तोंड बाहेर, म्हणजे समोर बघत लो गिअरमध्ये सरळ उतरायचं, जड बाजू आताही वरच. साडेसहा वाजले होते, उजेड होता. रात्र होणार असं दिसलं असतं तर गाडी अंगणात तशीच उभी ठेवून पट्ट्यांसकट सकाळवर टाकायचं, हे चालकाशी आधी बोलून ठेवलं होतं. त्या पाचशे रुपयांची गरज पडली नाही, तरी वळिवात खोळंबला म्हणून दिले.

आणण्याचा खर्च मिळून सोळा हजारांवर गेला: भाडं साडेपाच हजार, रॅम्प सात हजार दोनशे, पट्टे तीन हजार चारशे, काटा ऐंशी. रोटावेटरचे आठशे वेगळे. रॅम्प आणि पट्टे घरचेच झाले, म्हणून मला तो खर्च जड वाटला नाही. सासऱ्यांना वाटला.

कागदांचं थोडक्यात. एकाच राज्यात विकलं तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज आणि फी भरली, प्रती काढल्या आणि रत्नागिरीला जाऊन दिल्या. नोंदणी सासऱ्यांच्या नावावर करायची होती, त्यांचा सातबारा मागितला. विकणाऱ्याची सही एका ठिकाणी आरसीवरच्या सहीशी जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. तात्यांनी नव्याने सही करून टपालाने पाठवला. सह्या घेताना जुन्या कागदांवरची सही समोर ठेवून घ्याव्यात आणि फॉर्मची एक कोरी सही केलेली प्रत जादा घेता आली तर बघावी, विकणारा तेवढा विश्वासू असेल आणि तुमच्यावर त्याचा असेल तर. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवावं लागतं, ते आम्ही त्याच आठवड्यात केलं. नवी आरसी जुलैमध्ये टपालाने आली, ऐन लावणीत, चिखलाच्या हातांनी घेतली.

रॅम्प आमच्या पडवीत आहेत. साखरपा-देवरुख भागात कोणाला लागले तर न्या, आतापर्यंत एक पॉवर टिलर आणि एक भाताचं मळणीयंत्र त्यांवरून चढलं आहे. पट्टे मात्र आपापले आणा, आमच्यातला एक उंदरांनी कुरतडला.